ग्लायडरच्या शेपटीला वजन लावण्याआधी

माळावर नवीन मुलं ग्लायडर घेऊन आली की एक गोष्ट हमखास घडते. ग्लायडर हातातून सुटतं, दहा-पंधरा पावलं जातं आणि नाक खाली घालून जमिनीला लागतं. लगेच शेजारचा सांगतो, "तोंडाला जड आहे बे, शेपटीला काहीतरी लाव." मग खिशातलं नाणं निघतं, टेप निघते, आणि पुढच्या फेकीला तेच ग्लायडर सरळ वर चढतं, हवेत थबकतं आणि शेपटीवर कोसळतं.

सल्ला चुकीचा नसतो, पण तो मधल्या पायऱ्या गाळून दिलेला असतो. त्या पायऱ्या इथे सांगतो. हे सगळं छंदाच्या छोट्या ग्लायडरसाठी आहे, हाताने किंवा रबराच्या दोरीने सोडायच्या, रेडिओ असलेल्या वा नसलेल्या. माणूस बसतो त्या ग्लायडरचा प्रकार वेगळा, त्याबद्दल पुढे दोन शब्द आहेत.

हिशोबासाठी एकच ग्लायडर डोळ्यांसमोर ठेवू. पंखांचा पसारा दीड मीटर, पंखाची रुंदी बुंध्यापासून टोकापर्यंत सारखी १८० मिलिमीटर, बॅटरीसकट वजन ६२० ग्रॅम. सोलापुरात सुरुवात करणारे साधारण याच मापाचं काहीतरी बनवतात.

सीजी म्हणजे नेमकं काय

खांद्यावर कावड घेतलेला माणूस आठवा. पुढची घागर जड असेल तर तो खांदा पुढे सरकवतो, मागची जड असेल तर मागे. ज्या जागी खांदा दिल्यावर कावड आडवी राहते ती जागा म्हणजे सीजी, गुरुत्वमध्य. ग्लायडरमध्ये खांदा देण्याचं काम पंख करतात. फरक इतकाच की इथे खांदा सरकवता येत नाही, म्हणून घागरी कमी-जास्त कराव्या लागतात.

सीजी फार पुढे असला तर नाक सतत खाली जायला बघतं. ते वर धरायला एलिव्हेटर (आडव्या शेपटीची मागची हलणारी फळी) उचलून शेपटी दाबून ठेवावी लागते, म्हणजे पंखांवर ग्लायडरचं वजन असतंच, वर शेपटीचा हा दाबही येतो. ग्लायडर लवकर खाली येतं, मऊ थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, त्याला कळतच नाही. सीजी मागे नेला की हा भार कमी होतो, ग्लायडर हलकं वाटायला लागतं. पण मागे जाण्याला एक हद्द आहे. तिच्यापलीकडे ग्लायडर स्वतःहून सावरणं सोडून देतं: नाक वर गेलं तर वरच जात राहतं, खाली गेलं तर खालीच.

बहुतेक साध्या ग्लायडरचा सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या ३० ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान बसतो. नवशिक्याने ३० टक्क्यांवर सुरुवात करावी. आपल्या १८० मिलिमीटरच्या पंखात ३० टक्के म्हणजे ५४ मिलिमीटर आणि ३८ टक्के म्हणजे ६८. सगळा खेळ या चौदा मिलिमीटरचा, बोटाच्या रुंदीएवढा. नकाशात किंवा किटच्या कागदावर आकडा दिला असेल तर अर्थात तोच आधी धरा.

पंख टोकाकडे निमुळता असेल तर सरासरी रुंदी काढावी लागते. कागदावर अर्धा पंख प्रमाणात काढा. बुंध्याची रेघ मागे टोकाच्या रुंदीइतकी वाढवा, टोकाची रेघ पुढे बुंध्याच्या रुंदीइतकी वाढवा, आणि ही दोन नवी टोकं तिरप्या रेघेने जोडा. बुंध्याच्या रुंदीचा मध्य आणि टोकाच्या रुंदीचा मध्य दुसऱ्या रेघेने जोडा. दोन्ही जिथे छेदतात तिथली रुंदी ही सरासरी. टक्के त्या रुंदीवर मोजायचे.

आधी घरी, पंखा बंद करून

ग्लायडर उड्डाणाला जसं जाणार तसंच्या तसं तयार करा. बॅटरी जागेवर, रिसीव्हर (रेडिओचे इशारे घेणारी डबी) जागेवर, नाकावरचं झाकण लावलेलं, पंखाचे रबरबँड किंवा स्क्रू घट्ट. बॅटरी बाहेर ठेवून मापलेल्या सीजीला काही अर्थ नाही, आणि ही चूक मी दरवर्षी कुणा ना कुणाकडून होताना पाहतो.

पंखाच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे, पुढच्या कडेपासून ५४, ६० आणि ६६ मिलिमीटरवर पेनाने बारीक खुणा करा. रबर असलेल्या दोन पेन्सिली घ्या, त्या उभ्या राहतील अशा दोन लाकडी ठोकळ्यांत रोवा, रबर वरच्या बाजूला. त्या दोन रबरांवर ग्लायडर ठेवा. छताचा पंखा बंद करा. सोलापुरात मे महिन्यात हे जिवावर येतं, पण पंख्याच्या वाऱ्यात ग्लायडर कुठेही कलतं आणि तुम्ही खोटा आकडा लिहून घेता. ग्लायडर आडवं राहीपर्यंत पुढे-मागे सरकवा. नाक किंचित खाली राहिलं तरी चालेल. ज्या खुणेवर ते थांबतं तो तुमचा आजचा सीजी.

पंख दांडीच्या, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतच्या अंगाच्या, वर असेल तर ग्लायडर सरळ ठेवून मापा, खाली असेल तर उलटं करून. नाहीतर ते रबरांवरून कलंडत राहतं.

आपल्या ग्लायडरचा सीजी ५४ वर आला असं धरू.

खरंच तोंडाला जड आहे का?

नाक खाली जाण्याची कारणं अनेक असतात. फेक हळू झाली, एलिव्हेटरला पीळ आला, पंख बसवताना पुढची कड खाली राहिली, तरी दिसतं ते असंच. म्हणून वजनाला हात लावण्याआधी फेकून बघा. वाऱ्याला तोंड करून उभे राहा, पंख आडवे धरा, नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवा आणि चार पावलं पळत भाला फेकावा तसं सरळ सोडा. वर फेकू नका. असं पाच वेळा करा, कारण एका फेकीवरून काहीच ठरत नाही.

मग ट्रिम, म्हणजे एलिव्हेटरचा कायम ठेवलेला कल, बदलत बदलत ग्लायडर सरळ, एकसारखं उतरायला लावा. ते तसं उतरलं की उचलून शेपटीकडे बघा. आडव्या शेपटीच्या रेषेपेक्षा एलिव्हेटर स्पष्ट वर उचललेला असेल तर सीजी पुढे आहे, हे बऱ्यापैकी पक्कं. एलिव्हेटर सरळ रेषेत असेल तर शेपटीला वजन लावायची गरज बहुधा नाही.

रेडिओ असेल आणि ग्लायडर तीस-चाळीस मीटर उंचीवर असेल तर सुर मारायची चाचणी घ्या. ग्लायडर तुमच्यासमोरून आडवं जाऊ द्या, म्हणजे बाजूने दिसेल. नाक तीसेक अंश खाली घाला, दोन सेकंद थांबा आणि रिमोटवरची स्टिक मोकळी सोडा. ते ताडकन वर उसळलं तर सीजी पुढे आहे. हळूहळू, मोठ्या वळणाने वर आलं तर छान आहे, काही करू नका. त्याच तिरप्या रेघेत चालत राहिलं तर सीजी हद्दीवर आहे. आणि नाक आणखी आत ओढायला लागलं तर लगेच सावरा, खाली उतरवा आणि शेपटीचं वजन काढा.

लावण्याआधी काढा

समजा, आपलं ग्लायडर ताडकन उसळलं. सीजी ५४ वरून ६० ला न्यायचाय, म्हणजे ६ मिलिमीटर मागे. इथे नवशिक्यांचा हात थेट शेपटीकडे जातो. माझं म्हणणं आहे, आधी नाक उघडा. आत काय सापडतं बघा. कुणीतरी पूर्वी टाकलेलं शिसं, गरजेपेक्षा मोठी बॅटरी, दुरुस्तीच्या वेळी ओतलेला इपॉक्सीचा गोळा.

हिशोब सोपा आहे. एकूण वजन गुणिले जेवढं सरकवायचं ते अंतर: ६२० × ६ = ३७२०. या आकड्याला, वजन जिथे आहे तिथून नव्या सीजीपर्यंतच्या अंतराने भागायचं.

नाकातलं शिसं पंखाच्या पुढच्या कडेच्या २१० मिलिमीटर पुढे आहे. नवा सीजी कडेच्या ६० मागे. अंतर २७०. ३७२० भागिले २७० म्हणजे पावणेचौदा ग्रॅम. इतकं नाकातून काढलं की काम झालं.

शेपटीची जागा कडेच्या ७०० मिलिमीटर मागे आहे. नव्या सीजीपासून ६४०. ३७२० भागिले ६४० म्हणजे ५.८ ग्रॅम. इतकं शेपटीला लावलं की तेच काम होतं.

५.८ हा आकडा लहान दिसतो म्हणून तो मोहात पाडतो. पण पहिल्या वाटेने ग्लायडर ६०६ ग्रॅमचं होतं आणि दुसऱ्या वाटेने ६२६ चं. वीस ग्रॅमचा फरक पडला, आणि दुसऱ्या वाटेत दोन्ही टोकांना वजन राहिलं. टोकांना वजन असलेलं ग्लायडर वळायला जड होतं आणि एकदा डोलायला लागलं की लवकर थांबत नाही. लांब कावड एकदा झुलायला लागली की कशी आवरत नाही, तसंच.

तिसरी वाट बॅटरीची. ५० ग्रॅमची बॅटरी असेल तर ३७२० भागिले ५०, म्हणजे ती ७४ मिलिमीटर मागे सरकवली की पुरे. पंखाखाली जागा असेल तर मी कायम हेच करतो. एक ग्रॅमही वाढत नाही.

नाकात काढण्यासारखं काही नसेल, बॅटरी मागे सरकत नसेल, तरच शेपटी. अशी वेळ येते. नाकाची दुरुस्ती जड झालेली असते, मोटर बसवलेली असते, दांडी मुळातच आखूड असते.

एक ग्रॅम म्हणजे किती?

हा आकडा प्रत्येकाने आपल्या ग्लायडरसाठी काढून ठेवावा. आपल्या उदाहरणात शेपटीला एक ग्रॅम लावला की सीजी जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर मागे जातो. नाकात तोच एक ग्रॅम अर्धा मिलिमीटरही हलवत नाही. चौदा मिलिमीटरच्या खेळात एक ग्रॅमला एक मिलिमीटर! खिशातलं नाणं का चालत नाही ते आता लक्षात येईल. नाणी वेगवेगळ्या मालिकांची, वेगवेगळ्या वजनांची असतात. त्यावर टेपचे चार वेढे आले की किती ग्रॅम लागले हे कुणालाच माहीत नसतं.

मला हे महागात पडून कळलं. माझ्या पहिल्या रेडिओ ग्लायडरचं नाक एका धडकेत मोडलं होतं आणि मी ते इपॉक्सीने भरून जोडलं होतं. तोंडाला जड झालंय हे दिसत होतं, म्हणून अंदाजाने दहा ग्रॅमची शिशाची पट्टी शेपटीला लावली, घरी न मापता माळावर नेलं आणि थेट रबराच्या दोरीवर सोडलं. वर गेल्यावर दोरी सुटली तसं नाक आभाळाकडे गेलं. एलिव्हेटर पूर्ण खाली दिला, ते खाली आलं, मग सावरायला हात हलका केला की पुन्हा वर. तिसऱ्यांदा ते एका पंखावर कलंडलं आणि गिरक्या घेत आलं. दांडी पंखाच्या मागे दोन जागी तुटली. दहा ग्रॅम म्हणजे दहा मिलिमीटर, हा हिशोब करायला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून एक डिजिटल काटा घ्या, एक दशांश ग्रॅम दाखवणारा, सराफांकडे असतो तसा खिशात मावणारा. बाकी वजनाचं सामान गावातच मिळतं. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची चिकट वजनं मिळतात, ५ ग्रॅमचा एक तुकडा. मासेमारीच्या सामानात शिशाच्या छोट्या गोळ्या मिळतात. हार्डवेअरमध्ये बारीक बोल्ट आणि वॉशर. मी हल्ली वॉशरच वापरतो, कारण ते एकसारख्या वजनाचे असतात आणि शिशाला हात लावावा लागत नाही. शिसं वापरायचं असेल तर गोळी दाताने दाबू नका, घरात वितळवू नका, कापल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना ते काम देऊ नका.

माळावर, एकेक ग्रॅम

हिशोबाने ५.८ आले म्हणून पहिल्याच फेकीला सगळे लावू नका. अर्धे लावा, ३ ग्रॅम. घरी रबरांवर ठेवून सीजी ५७ च्या आसपास आलाय का बघा. आला नाही तर हिशोबात कुठेतरी अंतर चुकलंय.

वजन दांडीला, उभ्या शेपटीच्या जरा पुढे, खालच्या बाजूने मधोमध चिकटवा. तात्पुरतं असलं तरी टेप पूर्ण गोल फिरवा. एलिव्हेटर किंवा रडर या हलणाऱ्या भागांवर कधीही वजन लावू नका. बिजागरीच्या मागे वजन आलं की वेगात तो भाग फडफडायला लागतो आणि काही क्षणांत तुटू शकतो.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. वजन लावलं की जुनं ट्रिम चुकीचं होतं. आधी नाक वर धरायला एलिव्हेटर वर उचललेला होता, आता तितकी गरज राहिली नाही. तसाच ठेवून फेकलं तर ग्लायडर थबकेल आणि तुम्ही म्हणाल, वजन जास्त झालं. प्रत्येक वेळी वजन लावल्यावर एलिव्हेटर एक-दोन टिचक्या खाली करा, पुन्हा सरळ उतरतंय का बघा, आणि मगच निकाल द्या. रेडिओ नसलेल्या ग्लायडरला एलिव्हेटरची मागची कड बोटाने अगदी जराशी खाली वाकवा. तिथे अर्धा मिलिमीटरही खूप होतो.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजातली एक मुलगी तिचं थर्माकोलचं ग्लायडर घेऊन आली होती. तीन ग्रॅम लावून फेकलं, थबकलं. "काका, काढते मी हे." म्हटलं, काढू नको, ट्रिम दोन खाली घे. पुढची फेक कमरेच्या उंचीवरून सुटली आणि एका रेषेत जात राहिली, पंख हलले नाहीत, शेवटी पोट गवताला घासून थांबलं. तिने पावलं मोजली. आधी अठ्ठावीस यायची, ही बेचाळीस.

तीनवर नीट झालं की चार, मग पाच. प्रत्येक ग्रॅमनंतर फेक, ट्रिम, आणि उंची असेल तर सुर मारायची चाचणी. सुरातून ते मोठ्या वळणाने शांतपणे वर यायला लागलं की थांबा. हिशोबाने अजून एक ग्रॅम उरला असला तरी थांबा. नवशिक्याच्या हातात सीजी दोन मिलिमीटर पुढे असलेला बरा.

पक्कं करताना

सोलापूरच्या उन्हाचा विचार करून पक्कं करा. मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती तात्पुरत्या कामाला उत्तम, पण एप्रिलच्या दुपारी ती लोण्यासारखी होते आणि दांडीवरून सरकते. दुहेरी टेपचा गोंदही सुटतो. वॉशर किंवा शिशाची पातळ पट्टी दांडीच्या आत सारता आली तर सर्वांत चांगलं. दांडी बंद असेल तर पट्टी दांडीला गुंडाळा, वर दोरा आवळून बांधा आणि इपॉक्सीचा पातळ हात द्या. एम-सीलही चालतं. पण दोरा, इपॉक्सी, एम-सील या सगळ्यांना वजन असतं. पट्टी, दोरा, गोंद एकत्र काट्यावर ठेवा आणि सगळ्यांची बेरीज ठरलेल्या ग्रॅमांत बसवा. थर्माकोलला साधा झटपट गोंद लावू नका, तो थर्माकोल खातो.

रबराच्या दोरीने सोडत असाल तर ती दोरी अडकते त्या हुकाची जागाही बघा. हुक सीजीच्या थोडा पुढे असतो. सीजी ६ मिलिमीटर मागे गेला म्हणजे हुक आपोआप तेवढाच जास्त पुढे झाला. ग्लायडर सुरक्षित चढेल, पण कमी उंची गाठेल. काही दिवस तसंच उडवा, मग हुक दोन-दोन मिलिमीटर मागे घ्या. सीजीच्या मागे मात्र तो कधीच जाता कामा नये.

सीजी मागे गेला की एलिव्हेटर तिखट होतो. सर्वोच्या (एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) हातावरचं सळईचं भोक एक घर आत घ्या, म्हणजे तितक्याच स्टिकला एलिव्हेटर कमी हलेल.

कुठे आणि कधी

वजनाच्या चाचण्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी सात ते नऊ. तेव्हा हवा जवळजवळ थांबलेली असते, ग्लायडर जे करतं ते त्याचं स्वतःचं असतं. दहानंतर काळ्या रानावरून थर्मल सुटायला लागतात, घारी गोल फिरायला लागतात. तेव्हा उडवायला मजा, पण ग्लायडर वर का गेलं हे सांगता येत नाही. मे महिन्यात वावटळी, जूननंतर पश्चिमेचा जोरदार वारा, तेव्हा तर मापाचं काम काढूच नका. ज्वारी काढलेलं रान मोकळं दिसतं, पण धसकटं थर्माकोलच्या पोटात घुसतात. पड रान किंवा गवताचा माळ बघा आणि शेतकऱ्याला विचारूनच आत जा.

होटगी रस्त्यावरचं विमानतळ शहराला लागूनच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत रेडिओवर चालणारं काही परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांच्या वर नेता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा आधी बघून घ्या. नान्नजकडचा गवताळ माळ मोह पाडतो, पण तिथे माळढोकचं अभयारण्य आहे. तिथे ग्लायडर नेऊ नका.

आणि माणूस बसतो त्या ग्लायडरबद्दल. तिथेही हाच हिशोब चालतो. हलक्या वैमानिकासाठी पुढे शिशाचे ठोकळे लावतात, आणि पंखांत पाणी भरणाऱ्या काही ग्लायडरच्या उभ्या शेपटीतही पाण्याची छोटी टाकी असते, सीजी जागेवर राहावा म्हणून. पण तिथे एकेक ग्रॅम लावून बघणं नसतं. त्या ग्लायडरच्या पुस्तिकेत लिहिलेलं आणि अधिकृत अभियंत्याने तपासलेलं तेवढंच. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर कधी जाणं झालं तर कॉकपिटमधली वैमानिकाच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजनाची पट्टी जरूर बघा.

सगळं झालं की शेपटीजवळ, दांडीवर, मार्करने लिहून ठेवा: तारीख, एकूण वजन, सीजी किती मिलिमीटरवर, शेपटीला किती ग्रॅम. पुढच्या वेळी नाक मोडून जोडलं, बॅटरी बदलली, नुसता रंग जरी दिला, तरी पंखा बंद करून ते पुन्हा त्या दोन रबरांवर ठेवा.